‘बाबा, ह्यात काही घडतच नाही’ म्हणणाऱ्या मुलीबरोबर चित्रपट पाहताना

डिचोलीच्या एका वडिलांनी विचारलंय. मुलगी 15 वर्षांची, दहावीत. लहान होती तेव्हा दोघं मिळून हाती लागेल ते पाहायची. आता शनिवारी रात्री जेवणं झाली की ते तिला बोलावून माणसांवरचे, नात्यांवरचे चित्रपट लावतात, कारण त्यांना स्वतःला तेच भावतात. 20 मिनिटांत मुलीच्या हातात मोबाइल येतो. ‘बाबा, ह्यात काही घडतच नाही,’ असं म्हणून ती खोलीत निघून जाते. तिला खिळवून ठेवतील अशा कौटुंबिक चित्रपटांची यादी त्यांना हवी आहे.

नावं सांगते, पण थोडं पुढे गेल्यावर. मी फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवते आणि गेली 17 वर्षं दर दुसऱ्या शनिवारी आठवी ते दहावीच्या मुलांना चित्रपट दाखवते. उत्तम चित्रपट लावून वर्ग जांभया देताना पाहिलाय, आणि तोच चित्रपट पुढच्या वर्षी वेगळ्या तऱ्हेने लावल्यावर मुलं घंटा झाली तरी उठली नाहीत, हेही पाहिलंय. त्यामुळे नुसत्या यादीवर माझा भरवसा नाही.

तुमच्या प्रश्नात मला दोन वेगळे प्रश्न दिसतात. मुलीला ‘काही घडत नाही’ असं वाटतं, हा पहिला. ती तुमच्यापासून थोडी लांब गेली आहे आणि चित्रपटाच्या निमित्ताने तिने जवळ बसावं, बोलावं असं तुम्हाला वाटतं, हा दुसरा. दुसरा तुम्ही लिहिलेला नाही, पण ‘आधी आम्ही सगळं मिळून पाहायचो’ हे वाक्य पत्रात दोनदा आलंय. पहिला प्रश्न सुटण्यासारखा आहे. दुसऱ्याला थेट हात घातला तर पहिलाही बिघडतो.

आधी पहिला. ह्या वयाची मुलं जे पाहतात त्यात घटना मोठ्याने घडते. कोणी मरतं, पळतं, काहीतरी फुटतं. त्यात वाईट काही नाही, पण डोळ्याला तिथेच पाहायची सवय लागते. माणसांवरच्या चित्रपटात घटना ताटात वाढताना, दारात चपला काढताना, कोणी प्रश्नाला उत्तर न देता पाणी आणायला आत जातं तेव्हा घडते. हे दिसायला शिकवावं लागतं असं आपल्याला वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. आपल्या गोव्यातल्या मुलांना हे फार चांगलं दिसतं, कारण त्यांनी चवथ, म्हणजे मूळ घरची गणेशचतुर्थी, पाहिलेली असते.

तुमची मुलगीही चवथीला मूळ घरी जात असणार. एरवी बंद असलेलं घर उघडतं, चार भावांची बिऱ्हाडं एका छपराखाली येतात, गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची माटोळी बांधायला कोण पुढे होतं आणि कोण नुसतं खाली उभं राहून सूचना देतं, हे ती लहानपणापासून पाहते आहे. कुठली काकी कुठल्या काकीशी थेट न बोलता मुलांकरवी निरोप पाठवते, वाटणीचा विषय निघाला की कोण विडी ओढायला बाहेर जातं, आजी कुणाच्या ताटात न विचारता दुसरी नेवरी ठेवते, हे तिला तुमच्याहून जास्त ठाऊक असेल. मुलं त्या वेळी कोपऱ्यात बसलेली असतात, त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही, म्हणून त्यांना सगळं दिसतं. पडद्यावरही तेच पाहायचं असतं, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

हे मला हिरोकाझू कोरे-एदा ह्या जपानी दिग्दर्शकाच्या ‘स्टिल वॉकिंग’मुळे कळलं. चित्रपट 2008 चा. म्हाताऱ्या आई-वडिलांच्या घरी मुलगी आणि धाकटा मुलगा आपापली बिऱ्हाडं घेऊन एका दिवसासाठी येतात. दिवस आहे थोरल्या भावाच्या श्राद्धाचा. बुडणाऱ्या एका मुलाला वाचवताना तो गेला. सुरुवात होते ती मुळा-गाजर खरवडणाऱ्या हातांवर. आई आणि मुलगी स्वयंपाकघरात बोलताहेत, बाहेर वडील फिरायला निघालेत. वडील निवृत्त डॉक्टर. धाकट्याने आपली नोकरी गेल्याचं घरी सांगितलेलं नाही. जेवताना जुन्या आठवणी निघतात, एक चटपटीत वाक्य थोरल्याच्या नावावर सांगितलं जातं, आणि ते मुळात आपण बोललो होतो हे धाकट्याला आत कुठेतरी लागतं. इतकंच. बॉम्ब नाही, खून नाही.

पहिल्यांदा मी हा नववीला दाखवला तेव्हा आधी 10 मिनिटं भाषण केलं होतं. जपानी कुटुंबव्यवस्था, मृत्यूकडे पाहण्याची दृष्टी, वगैरे. वर्ग मेला. पुढच्या वर्षी भाषण केलं नाही. फक्त एक काम दिलं: आजोबा किती वेळा उठून आपल्या जुन्या दवाखान्याच्या खोलीत जातात, ते मोजा. चित्रपट संपला, मुलांनी आकडे सांगितले, आकडे जुळेनात, वाद सुरू झाला. कधी गेले, कुणी काय म्हटल्यावर गेले, त्या वेळी जावई काय करत होता, सगळं निघालं. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो मराठीच्या तासाला वर्षभर तोंड उघडत नव्हता, तो म्हणाला, ‘बाई, आमचे आजोबा असेच गोठ्यात जाऊन बसतात. गोठ्यात आता गुरं नाहीत.’

वर्गात कोणी हसलं नाही. त्या दिवसापासून मी ‘तुम्हाला काय वाटलं’ आणि ‘ह्यातून काय घेतलं’ हे दोन प्रश्न सोडून दिले. डोळ्यांना दिसतं तेवढंच विचारते. कोण कुठे बसलं. आधी कोण उठलं. कुणी कुणाला नावाने हाक मारली नाही. ह्या प्रश्नांना चुकीचं उत्तर दिलं तर कमीपणा येत नाही, आणि बरोबर उत्तरासाठी माणसाकडे नीट पाहावं लागतं. घरी तर तेही विचारू नका. तुम्हीच एखादी गोष्ट मोजत बसा आणि चुका. ‘आजोबा तीनदा गेले ना?’ म्हटलंत तर 15 वर्षांची मुलगी तुम्हाला दुरुस्त केल्याशिवाय राहणार नाही.

आता दुसरा प्रश्न. इथे मला माझ्या घरचं सांगावं लागेल.

माझा मुलगा 16 वर्षांचा असताना पुण्याला शिकायला जायचं म्हणत होता. माझा नवरा तारवटी, वर्षातले आठ महिने बोटीवर. मुलगा गेला की घरात मी एकटी. त्या दिवसांत एका रात्री मी सत्यजित राय यांचा ‘अपराजितो’ लावला. 1956 चा, ‘पथेर पांचाली’च्या पुढचा. गावात राहणारी विधवा आई सर्बजया आणि शिकायला कलकत्त्याला गेलेला अपू. सुट्टीत घरी आलेला अपू आडवा पडलाय आणि आई त्याच्याशी बोलते आहे: मी आजारी पडले तर तू मिळवलेल्या पैशांतून माझं औषधपाणी करशील का? उत्तर येत नाही म्हणून ती पाहते, तर पोराला झोप लागलेली असते.

त्या ठिकाणी मी माझ्या मुलाकडे पाहिलं. त्याने मला पाहताना पाहिलं. म्हणाला, ‘आई, तू हे माझ्यासाठी लावलंस ना?’

मी हो म्हटलं. खोटं बोलवेना. त्याने चित्रपट शेवटपर्यंत पाहिला, नंतर टीव्ही बंद करून रिमोट जागेवर ठेवला, आणि पुढचे दहा महिने माझ्याबरोबर एकही चित्रपट पाहिला नाही. त्याचं बरोबर होतं. रायनी अपूला दोषी ठरवलेलं नाही. स्टेशनवर गेलेला अपू गाडीत न चढता परत येतो आणि गाडी चुकली असं आईला सांगतो. त्या मुलाची ओढ आणि त्याची घाई, दोन्ही त्यांनी सारख्या मायेने दाखवल्या आहेत. त्यातला अर्धाच भाग मी उचलून पोराच्या समोर धरला होता. मला जे बोलायचं होतं ते मी एका मोठ्या कलावंताच्या तोंडून बोलून घेत होते.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते. घरात सध्या जो विषय दुखतो आहे, त्यावरचा चित्रपट लावू नका. मुलगी मोबाइलवर असते म्हणून मोबाइलने बिघडलेल्या पोरीचा, अभ्यास करत नाही म्हणून कष्टाळू मुलाचा, उलट बोलते म्हणून सोसणाऱ्या आई-बापाचा, असला काही नको. मुलांना पहिल्या पाच मिनिटांत वास येतो. त्याऐवजी ज्यात मोठं माणूस चुकतं, असा चित्रपट निवडा. मुलं कोणाची तरी बाजू घेऊन पाहतात. त्यांना त्यांची बाजू मिळू दे. बाप चुकताना ती तुमच्या शेजारी बसून पाहते आहे आणि तुम्ही त्याची वकिली करत नाही, एवढं तिने पाहिलं तरी पुष्कळ झालं.

आमच्या घरी गाडी पुन्हा रुळावर आणली ती नवऱ्याने. सुट्टीवर आला होता. बाप-लेकांत चार महिन्यांची ओळख आणि आठ महिन्यांचं अंतर, असं दर वर्षी व्हायचं. त्याने मुलाला विचारलं, ‘तुला कुठला बघायचाय?’ मुलाने मारामारीचा, तीन भागांतला कुठलासा लावला. नवऱ्याने तिन्ही भाग पाहिले, झोपला नाही, नावं ठेवली नाहीत, कोण कुणाचा भाऊ एवढंच मधूनमधून विचारत राहिला. चौथ्या रात्री मुलगाच म्हणाला, ‘आता तुमचा लावा.’

त्याने ‘लाइक फादर, लाइक सन’ लावला. कोरे-एदांचाच, 2013 चा. इस्पितळात अदलाबदल झालेली दोन मुलं सहा वर्षांची झाल्यावर सत्य कळतं. एक बाप यशस्वी वास्तुविशारद, सतत कामात. दुसरा विजेच्या सामानाचं छोटं दुकान चालवणारा, मुलांबरोबर लोळणारा. शेवटाकडे त्या कामात बुडालेल्या बापाला कॅमेऱ्यात फोटो सापडतात. मुलाने चोरून काढलेले, बापाचेच. पाठमोरा बाप, झोपलेला बाप. आपण पाहत नव्हतो तेव्हा पोरगा आपल्याला पाहत होता, हे त्याला तिथे कळतं.

चित्रपट संपला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. दोघंही काही बोलले नाहीत. नवरा उठून स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेला. थोड्या वेळाने मुलगा आत गेला आणि त्याने फडताळातून तीन कप काढले. मी बाहेर बसून कपांचा आवाज ऐकत होते.

काही गोष्टी घराघरावर अवलंबून आहेत, त्याही सांगते. तेराव्या वर्षीचं मूल आणि सतराव्या वर्षीचं मूल ह्यांत फार फरक पडतो. तेराव्याला अजून चित्रपटात आपल्या वयाचं कोणी लागतं, सतराव्याला उलट मोठ्यांची गुपितं हवी असतात. घरात नुकताच मृत्यू झाला असेल किंवा नवरा-बायको वेगळं होण्याच्या गोष्टी चालू असतील, तर मी सांगते त्यातलं बरंचसं वर्षभर बाजूला ठेवा. दहावीच्या मुलीवर फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन तासांचा संथ चित्रपट लादू नका. घरात धाकटं भावंड असेल तर मोठीला त्याच्यासमोर डोळे पुसायला लाज वाटते, म्हणून कधीतरी फक्त दोघांनी पाहा.

प्रमाणपत्राचंही लक्षात घ्या. आपल्याकडे 2024 च्या नव्या नियमांनंतर यूए ह्या गटाचे 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग झालेत, त्याने पालकांचं काम पुष्कळ सोपं झालंय. पण तो आकडा हिंसा, शिव्या, शरीरसंबंध असल्या गोष्टी पाहून ठरतो. दुःख किती खोल आहे ते त्यावरून कळत नाही. कोरे-एदांचाच ‘शॉपलिफ्टर्स’ मला फार मोलाचा वाटतो, 2018 मध्ये कान चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं, पण त्यात नवरा-बायकोचा एक प्रसंग आहे जो बापाच्या शेजारी बसून पाहताना 15 वर्षांच्या मुलीला अवघड वाटेल. म्हणून काहीही लावण्याआधी एकदा एकट्याने पाहून घ्या. ह्यात आळस नको.

रात्रीची मांडणी साधी ठेवा. शनिवारी जेवणानंतर उशीर होतो. मला रविवारची संध्याकाळ बरी वाटते, दुपारची माशाची कढी आणि शीत पचून झोप उतरलेली असते. शेजारी शेजारी बसा, समोरासमोर नको. तुमचा मोबाइल तुम्ही दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा आणि तिला काही सांगू नका. पावसात वीज गेली तर जिथे थांबलं तिथून दुसऱ्या दिवशी पाहा. दोन बैठकांत पाहिलेला चित्रपट वाया जात नाही, मधल्या दिवसात तो डोक्यात चालू राहतो. परभाषेतला चित्रपट असेल तर इंग्रजी उपशीर्षकं तिला तुमच्याहून भरभर वाचता येतील. एखादी ओळ सुटली तर तिला विचारा. माझ्या नवऱ्याने तसं विचारायला सुरुवात केली आणि मुलगा नुसतं भाषांतर सांगता सांगता ‘ती असं म्हणाली, पण तिला तसं म्हणायचं नव्हतं’ इथपर्यंत पोचला.

आणि आळीपाळी पाळा. एक तिचा, एक तुमचा. तिचा पाहताना तोंडावर कंटाळा दिसला तर तुमच्या वेळी तिने का बसावं?

आता नावं. पहिला ‘किल्ला’ लावा, अविनाश अरुण यांचा. 2014 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या विभागात त्याला पारितोषिक मिळालं. वडील गेलेला 11 वर्षांचा मुलगा, बदली होऊन कोकणात आलेली आई, नवी शाळा. पाऊस, लाल माती, समुद्र सगळं आपल्या घरामागचं वाटावं असं आहे, त्यामुळे तिला आत शिरायला वेळ लागणार नाही. भर पावसात मित्र त्याला किल्ल्यावर एकटं टाकून निघून जातात तो प्रसंग माझ्या वर्गात दर वर्षी मुलं श्वास धरून पाहतात. मोठ्यांसाठी त्यात दुसरीच गोष्ट आहे: आईलाही नव्या गावात, कचेरीत तेवढंच परकं वाटतं आहे, पण ती ते कुणाला सांगत नाही.

मग एखादा हलका हवा. वरुण नार्वेकर यांचा ‘मुरांबा’, 2017 चा. मुलाचं प्रेम मोडलंय आणि आई-बाप ते सांधायला निघालेत. बापाचं काम सचिन खेडेकर यांनी केलंय, आणि तो बाप मुलाशी काय बोलावं ते न समजून जे काही करतो ते पाहताना तुम्ही दोघंही हसाल. त्यानंतर ‘लाइक फादर, लाइक सन’.

‘अस्तु’ तुमच्या घरात आजी-आजोबा असतील तर अवश्य. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा चित्रपट. स्मृती हरवत चाललेले संस्कृतचे विद्वान हत्तीच्या मागे निघून जातात. मोहन आगाशे यांचं काम पाहायला मुलांना समज लागत नाही, ती आपोआप गप्प होतात.

‘अ सेपरेशन’ ती अकरावीत गेल्यावर. इराणचे असगर फरहादी यांचा, 2011 चा. त्यातली मुलगी तेर्मे 11 वर्षांची आहे, आणि आपला सज्जन, तत्त्वाचा बाप एका बाबतीत खोटं बोलला आहे हे तिच्या लक्षात येतं. सुरुवातीला पेट्रोलपंपावर तो तिला उरलेले सुटे पैसे परत मागून आणायला पाठवतो, हक्काचं सोडू नये म्हणून. पुढे तीच मुलगी त्याला सरळ प्रश्न विचारते. हा एकच चित्रपट असा आहे की जो पाहिल्यावर माझ्या वर्गातल्या मुली आपसात भांडल्या, आणि ते भांडण तिसऱ्या दिवशीही चालू होतं. तुम्ही तो पाहताना गप्प राहू शकाल अशी खात्री वाटेल तेव्हाच लावा.

यासुजिरो ओझू यांचा ‘टोकियो स्टोरी’ घाईने दाखवू नका. 1953 चा, काळा-पांढरा, सव्वादोन तासांचा. मुलांना भेटायला शहरात आलेले म्हातारे आई-बाप, आणि कामात गुंतलेली मुलं. तुम्हाला तो आवडणार, म्हणूनच मला भीती वाटते. तो आई-बापांच्या बाजूने वापरला की विषारी होतो. ओझू कॅमेरा अगदी खाली ठेवतात, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपाशी. पाटावर बसून जेवणाऱ्याला घर जसं दिसेल तसं. तिथून पाहिलं की कोणी मोठं दिसत नाही, कोणी लहान दिसत नाही. तिने घर सोडलं, शिकायला बाहेर गेली, आणि सुट्टीत आल्यावर स्वतः म्हणाली, तर लावा.

चित्रपट संपल्यावर लगेच दिवा लावू नका, नावं वर जाऊ देत. भांडी घासायची राहिली असतील तर तेव्हाच घासा. पाण्याच्या आवाजात, पाठमोऱ्या माणसाशी बोलणं ह्या वयात सोपं जातं. काही बोलली नाही तर तसंच झोपा. माझा अनुभव असा की बोलणं आलंच तर चार-पाच दिवसांनी येतं, बहुतेक स्कूटरवर मागे बसलेली असताना, आणि एका वाक्याचं असतं. तेव्हा गाडी थांबवून चर्चा करू नका. ‘हूं’ म्हणा आणि चालवत राहा.

‘स्टिल वॉकिंग’ राहिला. तो माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा, पण त्याची वेळ सांभाळा. थोरल्याने ज्याला वाचवलं त्या माणसाला म्हातारी दर वर्षी श्राद्धाला बोलावते. का बोलावते ते ती संध्याकाळी विणकाम करता करता एका वाक्यात सांगते. ते वाक्य मी इथे लिहीत नाही, तुमच्या मुलीने ते तुमच्या आधी ऐकावं. चवथीच्या तोंडावर लावू नका, मूळ घरी जाताना तिच्या डोक्यात नको. चवथ होऊ दे, माटोळीची फळं वाटून होऊ देत, मूळ घराला पुन्हा कुलूप लागू दे. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी लावा.